जुना कॉम्प्युटर, फोटोंचं काम: गटाचा पैसा आधी कुठे घालायचा?



आपल्या कोंढ्याकडे काय, पवनी-अड्याळकडे काय, बऱ्याच बचत गटांजवळ एखादा आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर असतो. हिशेब, ठराव, पत्रं यांसाठी तो बरा चालतो. पण आता गटांना मालाचे फोटो लागतात. आंधळगाव-मोहाडीच्या कोशाच्या साडीचा फोटो, चिन्नोर तांदळाच्या पाकिटाचा फोटो, लाखोळीच्या डाळीचा फोटो. तो नीट करायला घेतला की कॉम्प्युटर अडून बसतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ताई, नवीनच घ्या." पैसा तर गटाच्या बचतीचा. म्हणून आज आपण एवढंच बघू, की आधी अडतं कुठे ते ओळखायचं आणि मगच खर्च करायचा.

फोटो जड का होतो, ते आधी समजून घेऊ. मोबाईलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख रंगीत ठिपके. फाईल 4-5 एमबीची दिसते, कारण ती घडी घालून ठेवलेली असते. उघडली की घडी मोडते आणि तोच फोटो 36 एमबी जागा घेतो. त्यावर नाव टाका, मागची भिंत काढा, केलेलं परत फिरवा, की प्रत्येक पायरीला आणखी जागा. याउलट 35 गुणिले 45 मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो छपाईसाठी जेमतेम 2 लाख 20 हजार ठिपक्यांचा असतो. म्हणून गटाचं काम फक्त पासपोर्ट फोटोंचं असेल, तर बहुधा एक रुपयाही घालायची गरज नाही.

आता ही जागा कुठली? रॅम म्हणजे आपला स्वयंपाकाचा ओटा. हार्डडिस्क म्हणजे मागची कोठी. ओटा मोठा असला की सगळं हाताशी राहतं. ओटा भरला की एक भांडं कोठीत ठेवा, दुसरं आणा, असं सुरू होतं. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई वाचते, म्हणून ही ये-जा फार सावकाश होते.

आपल्या मशीनचं काय होतं ते बघायला पैसे लागत नाहीत. फोटो उघडून काम सुरू करा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. समोर येईल त्यात 'मेमरी' आणि 'डिस्क' हे आकडे बघा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर ओटा लहान पडतो. मेमरी मोकळी, पण डिस्क सारखी शंभरवर, तर कोठी हळू आहे. दोन्ही भरलेले असतील तर आधी रॅमचाच विचार करा. हे आकडे वहीत लिहून ठेवा.

दुसरं फुकटाचं काम साफसफाईचं. वायर काढा, डबा अंगणात न्या, उघडा. आतल्या धातूच्या पत्र्याला हात लावून मगच कामाला लागा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मऊ ब्रशने धूळ काढा, पंखा बोटाने धरून ठेवा. धुळीने मशीन तापतं, आणि तापलं की ते स्वतःच वेग कमी करतं.

एवढं करूनही अडत असेल, तर पैसा या क्रमाने घाला.

पहिली रॅम. 4 जीबी असेल तर 8 करा. पण डीडीआर2, डीडीआर3 आणि डीडीआर4 या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळी असते. म्हणून जुनी पट्टी काढून सोबतच दुकानात न्या. आणि विंडोज 32 बिटचं असेल तर ते साधारण 4 जीबीपुढची रॅम वापरतच नाही. ते 'सिस्टिम टाइप'मध्ये लिहिलेलं असतं.

दुसरी एसएसडी. हिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून वेग कितीतरी पट वाढतो. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या मशीनला सहसा बसते. 240-256 जीबीची पुरे. तिच्यावर विंडोज आणि सॉफ्टवेअर ठेवा, फोटो जुन्या हार्डडिस्कवर राहू द्या. मात्र बदल करण्याआधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. पावसाळ्यात वीज पडून मशीन जळलं, तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क जातील.

तिसरा पडदा, म्हणजे मॉनिटर. साडीच्या फोटोत रंगच महत्त्वाचा. खिडकीच्या उजेडात साडी पडद्याशेजारी धरा. मान हलवली की पडद्यावरचा रंग बदलत असेल, तर आयपीएस प्रकारचा मॉनिटर बघा. गिऱ्हाइकाला फोटोत एक रंग आणि घरी दुसरा दिसला, तर साडी परत येते आणि पाठवणीचा खर्च गटावर बसतो.

ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणून कोणी आग्रह केला, तर थांबा. साध्या फोटोकामाला ते लागत नाही, आणि जुन्या मशीनच्या पॉवर सप्लायला ते झेपेलच असंही नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर पेनड्राइव्हवरचं चोरीचं सॉफ्टवेअर नको, त्यातून व्हायरस येतो. जिंप नावाचं सॉफ्टवेअर 1996 पासून मोफत मिळतं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि 2017 च्या आधीची बहुतेक मशीन विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत. अशा मशीनवर लिनक्स मिंट हे मोफत सिस्टिम टाकता येतं. जिंप त्यावरही चालतं.

आणि कुठे थांबायचं? मशीनमध्ये डीडीआर2 निघाली, तर त्यावर पैसा घालू नका. ते हिशेबालाच ठेवा. रॅम, एसएसडी आणि मजुरी मिळून चांगल्या जुन्या मशीनच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल, तरीही नको.

पुढच्या बैठकीत चार गोष्टी रजिस्टरात लिहा: काम कोणतं, मेमरी-डिस्कचे आकडे, दोन दुकानांचे भाव, आणि ठराव. पक्कं बिल आणि वॉरंटीचं कार्ड सचिवताईंच्या फाईलला लावा. मग दुकानदार काहीही म्हणो, काय हवं ते आपल्याला ठाऊक असेल.