नळ एकच, टाक्या वेगळ्या

नागपूरच्या नळाला येतं ते मुख्यतः पेंच प्रकल्पाचं आणि कन्हान नदीचं पाणी. बोअरचं पाणी बहुधा त्याहून जड, कारण खडकातून झिरपताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेतं. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीच्या काठावर धरणारा पांढरा थर याच क्षारांचा. फिशटँकमध्येही पाणी उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून नुसती वरून भर घालू नये. थोडं जुनं पाणी काढून मगच नवं घालावं.

गप्पी, मोली जड पाण्यात छान राहतात. ॲमेझॉन खोऱ्यातल्या निऑन टेट्राला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं.

पण शेजारी-शेजारी ठेवलेल्या टाक्यांत एकाच नळाचं पाणी भरलं, तरी पीएच वेगळा निघतो. टाकीतले जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात पाण्यातले बायकार्बोनेट खर्ची पडतात आणि जुन्या टाकीचा पीएच घसरतो. उलट पीएच आणि तापमान चढलं, की अमोनिया अधिक विषारी होतो. ४५ अंशांच्या मे महिन्यात हे फार सांभाळायला हवं.

टाकीटाकीचं पाणी असं वेगळं, म्हणून नवा मासा थेट सोडू नका. पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळत त्याला निदान अर्धा तास द्या.