प्लेटलेट भरपूर, तरी रक्त थांबेना!

पावसाळ्यात डेंग्यूचा ताप फिरू लागला की बंगळुरूत घरोघरी एकच चौकशी : 'प्लेटलेट किती?' आकडा दीड लाखाच्या वर असला की सारे निर्धास्त! पण काही मुलांच्या बाबतीत हा आकडाच चकवतो. दुधाचा दात पडतो आणि हिरडीतून रक्त वाहतच राहते. नाकाचा घोळणा वारंवार फुटतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात. रिपोर्टात प्लेटलेट मात्र अडीच लाख! मग बिघडले कुठे?

बिघाड असतो प्लेटलेटच्या पृष्ठभागावर. तिथल्या प्रथिनांपैकी 'जीपी वन-बी' फाटलेल्या रक्तवाहिनीला धरायला मदत करते, तर 'जीपी टू-बी थ्री-ए' शेजारच्या प्लेटलेटशी साखळी जोडते. एका प्लेटलेटवर या दुसऱ्या प्रथिनाच्या सुमारे ८० हजार प्रती असतात. त्या नसल्या, तर जखमेवर बूच बसत नाही. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी १९१८ साली हा आजार नोंदवला. त्यामागचा प्रथिनाचा अभाव मात्र १९७० च्या दशकात उमगला.

आता 'फ्लो सायटोमेट्री' तपासणीत चमकदार रंग लावलेली प्रतिपिंडे 'सीडी ४१' आणि 'सीडी ६१' या खुणांना चिकटवतात आणि प्लेटलेट लेसरच्या झोतातून जाऊ देतात. चमक दिसली नाही, की खूण गायब असल्याचे कळते.

हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. वाहक आईबाप स्वतः ठणठणीत असतात. पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारात एक इतका धोका असतो. नात्यातल्या लग्नात असे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. १९८० च्या दशकात कर्नाटकात नवजात अर्भकांची मोठी पाहणी झाली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश बाळांचे आईवडील नात्यातले निघाले. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रालाही परकी नाहीच!

मुलीची पहिली पाळी हा या आजारातला कसोटीचा क्षण. दिवसेंदिवस न थांबणाऱ्या रक्तस्रावाला 'सुरुवातीला असंच होतं' म्हणून सोडून देणे जिवावर बेतू शकते. वेळीच निदान झाले, तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखी औषधे, गरजेला प्लेटलेट देणे असे उपाय आहेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मात्र कटाक्षाने टाळायचे आणि दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना आजाराची कल्पना द्यायची.

तेव्हा आकडा चांगला असूनही रक्त थांबत नसेल, तर रक्तविकारतज्ज्ञांना गाठा. प्लेटलेट किती, याइतकेच त्या कशा आहेत, हेही महत्त्वाचे!