सागाखालचं ऊन

ज्ञानगंगा अभयारण्यातला साग एप्रिलमध्ये उघडाबोडका. सप्टेंबरात त्याच झाडाखाली भर दुपारी गारवा. मग खाली ऊन पोचतं किती?

हे मोजायला लायडार तंत्रात विमानातून सेकंदाला लाखो लेसर स्पंद सोडतात. काही पानांवरून परततात, काही फटींतून जमिनीवरून. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. परतीच्या वेळेवरून उंची कळते, जमीन गाठणाऱ्या स्पंदांच्या प्रमाणावरून फटी. गोम अशी, की लेसर जवळपास उभा आणि ऊन तिरपं. म्हणून संगणकात दर तासाच्या सूर्याचे किरण लेसरने टिपलेल्या बिंदूंतून सोडून पाहतात.

जून 2021 मध्ये केंद्राने महाराष्ट्रासह 10 राज्यांतल्या वनक्षेत्रांचे लायडार अहवाल काढले, तेही जंगलात पाणी-चारा वाढवण्यासाठी. असल्या मोजणीतून उन्हाचाही हिशेब निघू शकतो. फक्त उड्डाण पानगळीनंतरचं की आधीचं, हे आधी विचारावं.