आश्वासन आणि हक्क : ‘गरिबी हटाओ’पासून ‘लाडकी बहीण’पर्यंत

मार्च 1971 च्या मध्यावधी निवडणुकीत आर्थिक विषमतेचा प्रश्न राष्ट्रीय प्रचाराच्या केंद्रस्थानी आला आणि त्याच वेळी त्याचे उत्तर एका व्यक्तीच्या नावाशी बांधले गेले. जुलै 1969 मध्ये 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, त्यानंतर काँग्रेस दुभंगली होती, आणि माजी संस्थानिकांना मिळणारे तनखे बंद करण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयात अडला होता. लोकसभा निवडणूक यावेळी बहुतेक राज्यांत विधानसभेपासून अलग झाल्यामुळे स्थानिक हिशेब मागे पडले आणि विरोधकांच्या ‘इंदिरा हटाओ’ला ‘गरिबी हटाओ’ हे उत्तर मिळाले. इंदिरा गांधींच्या पक्षाने 518 पैकी 352 जागा जिंकल्या. पुरोगामी मंडळींपैकी अनेकांना हा आपल्याच विचारांचा विजय वाटला, पण गरिबी कोणत्या यंत्रणेने, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या मुदतीत हटवायची, याविषयी त्या घोषणेत जवळजवळ काहीच नव्हते.

या प्रश्नांचे उत्तर पुण्यात शोधले जात होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. माणसाला दररोज 2250 कॅलरी मिळतील इतका आहार ज्या खर्चात परवडतो, तो खर्च म्हणजे दारिद्र्यरेषा, असे मानून त्यांनी 1960-61 च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी माणशी वर्षाला 180 रुपये आणि शहरांसाठी 270 रुपये ही मर्यादा धरली. तिच्याखाली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे 40 टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे 50 टक्के लोक येत होते. जमिनीचे फेरवाटप सर्वांना पुरणार नाही, म्हणून सार्वजनिक कामे काढून भूमिहीनाला मजुरी द्यावी, हा त्यांचा निष्कर्ष डाव्या पक्षांना रुचला नाही. तरीही पुढच्या दोन वर्षांत महाराष्ट्राला त्याच दिशेने जावे लागले.

बहात्तरच्या दुष्काळाने ही वेळ आणली. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते अशा कामांवर मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख मजूर होते, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्याआधीच, 1960 च्या दशकाच्या मध्यास, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात काम मागणाऱ्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. पागे गांधीवादी वळणाचे काँग्रेसजन होते आणि त्यांना क्रांतीची भाषा नको होती. दुष्काळी कामांवर मजुरांना संघटित करणाऱ्या लाल निशाण, शेतकरी कामगार, समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांना ती हवी होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. रोजगार हमी योजना पागे यांचा गांधीवादी प्रवाह आणि रस्त्यावरच्या चळवळींचा प्रवाह या दोहोंच्या दाबातून घडली, आणि तिचे श्रेय एकाच नेत्याला देता येत नाही, ही तिच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय.

योजनेचा आरंभ शासन निर्णयाने झाला. शासन निर्णय म्हणजे मंत्रिमंडळाच्या इच्छेवर टिकणारा आदेश, जो पुढचे मंत्रिमंडळ मागे घेऊ शकते. विधिमंडळाने 1977 मध्ये तिचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, तेव्हा या योजनेचे स्वरूप बदलले, कारण अंगमेहनत करण्यास तयार असलेल्या ग्रामीण प्रौढाला काम मागण्याचा आणि ते न मिळाल्यास बेकारभत्ता मागण्याचा अधिकार मिळाला. पैशाची सोयही स्पष्ट होती. 1975 च्या व्यवसाय कराचे उत्पन्न मुख्यतः या कामासाठी होते आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची होती. म्हणजे शहरातला पगारदार गावातल्या मजुराच्या मजुरीचा वाटा उचलत होता. एवढा उघड पुनर्वाटपाचा करार देशात क्वचितच झाला असेल.

बड्या शेतकऱ्यांनी या कराराला विरोध का केला नाही, याचे उत्तर पुरोगाम्यांना सुखावणारे नाही. कर शहरावर पडत होता, तलाव आणि रस्त्यांमुळे जमिनीची किंमत वाढत होती, आणि उन्हाळ्यात मजूर गावातच थांबत असल्याने पेरणीला तो हाताशी मिळत होता. 1990 पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली, तेव्हा खासगी जमिनीवरील मालमत्ताही हमीच्या पैशातून उभी राहिली. उलट 1988 मध्ये किमान वेतन दुपटीच्या आसपास गेले, त्याबरोबर मजुरी वाढली पण उपलब्ध कामे आखडली. हक्क कागदावर तसाच राहिला, मात्र तो बजावण्याची जागा आक्रसली.

दिल्लीत मात्र गरिबी हटवण्याचा मार्ग म्हणून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम पुढे आला होता, ज्यात गरिबाला कर्ज आणि अनुदान देऊन म्हैस किंवा शिलाई यंत्र यांसारखे साधन घेऊन द्यायचे होते. याने गरिबी हटेल काय, असा प्रश्न रथ यांनी 1985 मध्ये ‘गरिबी हटाओ’ हेच शब्द शीर्षकात घेऊन विचारला आणि मजुरीच्या रोजगाराकडे पुन्हा बोट दाखवले. उत्तर यायला 20 वर्षे लागली. 2004 च्या निवडणुकीनंतर डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या आघाडी सरकारच्या काळात, ज्याँ द्रेझ आणि अरुणा रॉय यांच्यासारख्यांच्या आग्रहातून, 2005 चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा आला. त्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. कोणत्याही एका नेत्याला निर्विवाद बहुमत नसलेल्या लोकसभेने हा कायदा केला, हे प्रबळ नेतृत्वाचा आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे आहे.

त्यानंतरचा काळ थेट खात्यात जाणाऱ्या पैशाचा आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, शेतकऱ्यांना वर्षाला 6000 रुपये देणारी योजना आली. 2024 मध्ये लोकसभेला महाराष्ट्रात 48 पैकी 17 जागांवर थांबलेल्या सत्ताधारी महायुतीने विधानसभेपूर्वी ‘लाडकी बहीण’ योजनेतून 21 ते 65 वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा 1500 रुपये दिले. या पैशाला ‘रेवडी’ म्हणून हिणवणे पुरोगाम्यांना शोभणारे नव्हते, कारण घरातल्या ज्या श्रमाला बाजार काहीच मोल देत नाही, तो करणाऱ्या बाईच्या नावावर पैसे येणे ही लहान गोष्ट नाही. आक्षेप दुसरीकडे आहे. ही योजना शासन निर्णयावर उभी आहे, तिच्यासाठी व्यवसाय करासारखा वेगळा स्रोत नाही, आणि 2025 मध्ये पडताळणी सुरू झाल्यावर यादीतून वगळल्या गेलेल्या बाईला बेकारभत्त्यासारखे काही मागता येईल असे कलम कोठेही नाही. नावातले नाते प्रेमाचे असले तरी त्यात एक बाजू देणारी आणि दुसरी घेणारी आहे. विरोधातील महाविकास आघाडीने याला उत्तर म्हणून 3000 रुपयांचे आश्वासन दिले आणि सत्ताधाऱ्यांनी 1500 चे 2100 करण्याचे. कायदा, कर आणि दाद मागण्याची जागा या तीन गोष्टी रोजगार हमी योजनेला पहिल्या सहा-सात वर्षांत मिळाल्या होत्या, तर 2024 च्या प्रचारात दोन्ही बाजूंचा वाद मुख्यतः रकमेभोवतीच फिरत राहिला.