सर्वानुमते: शिक्षण-योजनांतल्या गटचर्चेचा मागोवा

पालकांना गोलात बसवून त्यांच्याशी चर्चा करायची आणि तिचं सार आराखड्यात घालायचं, ही रीत महाराष्ट्राच्या शालेय योजनांमध्ये रुळली ती १९९४नंतर. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम त्या वर्षी सुरू झाला आणि राज्यातले औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद, परभणी हे जिल्हे पहिल्या टप्प्यात आले. जागतिक बँकेच्या कर्जासोबत लोकसहभागातून नियोजन करण्याची अट आली, पायाभूत पाहणी आली, आणि कार्यालयांच्या बोलीत ‘एफजीडी’ (गटचर्चा) हा शब्द येऊन बसला. २००१मध्ये सर्व शिक्षा अभियानानं तो वस्ती-तांड्यांपर्यंत नेला. तीन दशकांत या चर्चा मुबलक झाल्या. तरीही बहुतेक अहवालांत पालक एकाच सुरात बोलतात: शाळा हवी, शिक्षक वेळेवर हवेत, मुलींसाठी स्वच्छतागृह हवं. यातलं काही खोटं नाही, पण हे कळायला चर्चेची गरजही नव्हती. चर्चा चालवणारे अडाणी होते म्हणून असं झालं, हे मला पटत नाही. आपण या चर्चांची आखणीच ग्रामसभेच्या ठरावासारखी, एकमत गोळा करण्यासाठी केली. हे साधन मात्र घडलं होतं मतामागचं कारण, आणि म्हणून मतभेदही, ऐकण्यासाठी.

त्याचं मूळ पाहिलं की हे स्पष्ट होतं. १९४१मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझार्सफेल्ड रेडिओ-कार्यक्रमांवर श्रोत्यांच्या प्रतिक्रिया तपासत होते. कार्यक्रम आवडला तर हिरवं बटण दाबायचं, खटकला तर लाल. त्यांचे सहकारी रॉबर्ट मर्टन यांनी तिथे एक वेगळी बाजू पुढे नेली: बटण कधी दाबलं हे यंत्र सांगतं, का दाबलं हे माणसालाच विचारावं लागतं. त्यातून केंद्रित मुलाखतीची पद्धत तयार झाली आणि १९५६मध्ये तिच्यावरचं पुस्तक आलं. पुढे साबण आणि शीतपेयं विकणाऱ्यांनी ती उचलली. १९८७मध्ये मर्टन यांनीच मागे वळून बजावलं की गटचर्चेतून नव्या कल्पना आणि गृहीतकं मिळतात. एखादं मत समाजात किती पसरलं आहे याचा पुरावा मिळत नाही. आपल्या अहवालांतलं ‘बहुसंख्य पालकांच्या मते’ हे वाक्य नेमकं याच इशाऱ्यावरून उडी मारून जातं. दहा माणसांतली बहुसंख्या ही कशाचीच बहुसंख्या नसते.

मोजणी आणि विचारणा यांची कामं वेगळी आहेत. १९९९च्या ‘प्रोब’ अहवालानं उत्तर भारतातल्या राज्यांत पालकांना शिक्षणाची आस्थाच नसते हा समज मोडला. मुलग्यांसाठी शिक्षण महत्त्वाचं मानणारे ९८ टक्के निघाले, मुलींसाठी ८९ टक्के. ते काम पाहणीचं होतं. २००५पासून ‘असर’ ही पाहणी दुसरीचा उतारा किती मुलांना वाचता येतो हे सांगत आलं आहे. पण शिक्षण महत्त्वाचं मानणारा बाप बारा वर्षांच्या मुलीला ऊसतोडीला सोबत का नेतो, हे आकडा सांगत नाही. मराठवाड्यातल्या, विशेषतः बीडकडच्या हंगामी वसतिगृहांचं उदाहरण घ्या. आईबाप फडावर गेले तरी मुलं गावात राहून शिकावीत, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी, ही चांगली कल्पना. तिच्याविषयी शाळेच्या वर्गात, सरपंच आणि मुख्याध्यापकांसमोर विचारलं तर सगळे ‘सोय चांगली आहे’ म्हणणार. वयात आलेल्या मुलीला म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची भीती, कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) धाकटी भावंडं सांभाळायला कोण हा प्रश्न, मुकादमाची उचल फेडताना आणखी दोन हातांची लागणारी गरज, ही कारणं तिथे निघत नाहीत. बायकांची वेगळी बैठक, तीही वस्तीवर, घेतली तर निघू शकतात. आणि तेव्हा कळतं की आई आणि सासू यांचंही याबाबत एकमत नसतं. योजनेला खरं तर हीच माहिती हवी असते.

मग आखणीतली पहिली चूक वेळेची. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून वार्षिक कार्ययोजनेची घाई हिवाळ्यात आणि चर्चाही तेव्हाच. साखर कारखान्यांचं गाळपही तेव्हाच. ज्यांच्यासाठी वसतिगृह, ती माणसं त्या महिन्यांत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात आणि त्यांच्या वतीनं गावात उरलेले बोलतात. पावसाळ्यात चर्चा झाली तर वर्षाच्या आराखड्यात तिचा उपयोग उशिरा होतो हे खरं, पण चुकीच्या माणसांना वेळेवर विचारून काय साधतं? दुसरी चूक निमंत्रणाची. आठ-दहा जण बोलवायचं काम केंद्रप्रमुखाकडून शिक्षकाकडे जातं, आणि शिक्षक बिचारा जे येतील त्यांना आणतो. ते बहुधा शाळेत येणारे पालक असतात. ज्यांची मुलं शाळेत येत नाहीत ते नाहीत. प्रश्नावली, ध्वनिमुद्रण, टिपणं घेणारा दुसरा माणूस, या गोष्टी प्रशिक्षणांत शिकवल्या जातात आणि त्यांची काळजीही घेतली जाते. कोणाला बोलावलं नाही, याची नोंद ठेवायची पद्धत मात्र फारशी रुळली नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. मतभेद उकरून काढले की चर्चा घ्यायला आलेला पाहुणा निघून जातो आणि भांडण गावात राहतं. जातीजातींच्या वस्त्या, एकमेकांकडे मजुरीला जाणारी माणसं, उद्या पुन्हा तोंड पाहायचंच आहे. हे अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच सगळ्यांना एका गोलात बसवून वाद घडवणं मूर्खपणाचं ठरेल. मजूर आणि शेतमालक, सासवा आणि सुना, शाळा सोडलेली मुलं आणि शिक्षक यांचे गट वेगळे घ्यावेत, गटाच्या आत माणसं एकमेकांना खोडतील इतका मोकळेपणा ठेवावा, आणि मतभेद नाव न घेता अहवालात शेजारीशेजारी मांडावेत. दुसरा आक्षेप प्रशासनाचा: आराखड्याला एक निर्णय लागतो, चार मतं नव्हेत. निर्णय जरूर एकच घ्यावा. पण चारपैकी कोणती तीन बाजूला ठेवली हे माहीत असणारा अधिकारी आणि चौथंच ऐकलेला अधिकारी यांच्यात फरक आहे. पहिल्याला योजना कुठे अडणार याचा अंदाज असतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला तेव्हा गोंधळाला आणखी वाव मिळाला. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, ही तरतूद मोलाची आहे. पण ती आल्यावर समितीची बैठक हीच गटचर्चा, असा सोयीचा समज सहज होऊ शकतो. समितीला ठराव करायचा असतो. तिच्या सदस्याला पद असतं, मुख्याध्यापकांशी संबंध टिकवायचा असतो. गटचर्चेत बसलेल्या बाईवर असं कुठलंच ओझं नसावं. अशी मोकळी विचारणा कुठे लागते याचं एक उदाहरण: कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३मध्ये मागवले गेले, तेव्हा अंतर आणि पटसंख्या कागदावर मोजता येत होती. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर हा नियमही आहेच. पण ओढ्याच्या पलीकडे पावसाळ्यात कोण पोचवणार, वाटेवरच्या वस्तीशी आपलं पटतं का, बसचा भरवसा किती, या प्रश्नांवर एकाच पाड्यावरची दोन घरं वेगवेगळी उत्तरं देतील. ती उत्तरं शाळांची यादी तयार होण्याआधी लागतात. यादी झाल्यावर घेतलेल्या चर्चेतून फक्त संमती किंवा मोर्चा निघतो.