महूला निघताना लेकरांची काळजी

१४ एप्रिलला अनेक कुटुंबं भाड्याच्या जीपने महूला, बाबासाहेबांच्या जन्मभूमीला निघतात. उन्हात लेकरांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. म्हणून पहाटे निघा, दुपारी बारा ते तीन सावलीत थांबा. सहा महिन्यांखालच्या बाळाला फक्त अंगावरचं दूध पाजा, पण वारंवार. मोठ्यांना मागायची वाट न पाहता पाणी द्या. जुलाब-उलट्या झाल्यास ओआरएस पाकिटावरच्या मापानेच कालवा, अंदाजाने नको. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उभ्या बंद गाडीत मूल क्षणभरही ठेवू नका. सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल झालं, तर १०८ ला फोन करा. दर्शन उशिरा झालं तरी चालेल.