चाके काढलेली मोटारसायकल

एखाद्या मोटारसायकलची दोन्ही चाके काढून घेतली आणि ‘आता चालवा’ असे कोणी म्हणाले, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. परंतु अमेरिकेतील आयडाहो किंवा कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया अशा डोंगराळ मुलखांत दर हिवाळ्यात नेमके हेच केले जाते. उन्हाळ्यात माती-दगडांतून पळणाऱ्या हलक्या मोटारसायकलचे पुढचे चाक काढून तेथे एक रुंद स्की बसवतात. मागचे चाक व त्याला धरणारा दांडा काढून तेथे रबरी पट्ट्याची एक लांबट चौकट जोडतात. झाली बर्फावरची मोटारसायकल तयार! हे सगळे सुटे भाग एकत्रित विकत मिळतात. त्याला आपण ‘जोडसंच’ म्हणू.

असे जोडसंच बनवणाऱ्यांत आयडाहोमधील टिंबरस्लेड हे नाव प्रसिद्ध झाले. २०१५ साली ती कंपनी पोलॅरिस या मोठ्या कंपनीने विकत घेतली. २०१७ साली कोलोरॅडोतील ॲस्पेन येथे भरलेल्या ‘एक्स गेम्स’मध्ये या वाहनांची शर्यतही झाली. परंतु आज आपल्याला शर्यतीशी कर्तव्य नाही. मातीसाठी बनवलेले यंत्र बर्फात नेले की त्याच्या कोणत्या भागावर काय प्रसंग येतो, आणि ते वाटेत बंद पडू नये म्हणून काय करावे लागते, हे आपण पाहणार आहोत. यात नववी-दहावीचे पदार्थविज्ञान जागोजागी भेटेल.

आधी दाबाचे गणित

मोटारसायकल व स्वार मिळून २०० किलोग्रॅम वस्तुमान धरू. त्यांचे वजन सुमारे २००० न्यूटन झाले. दोन्ही टायर मिळून जमिनीला २०० चौरस सेंटिमीटर जागेत टेकतात असे समजा. म्हणजे दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला १० न्यूटन. भुसभुशीत बर्फ एवढा दाब सोसत नाही. चाक रुतते आणि जागच्या जागी फिरत खड्डा करते. पावसाळ्यात शेतात रुतलेल्या गाडीचे चाक तुम्ही पाहिले असेलच.

आता जोडसंच बसवला. त्यामुळे एकूण वस्तुमान ३० किलोग्रॅमने वाढले असे धरू. पट्ट्याची रुंदी सुमारे २८ सेंटिमीटर असते, आणि त्याची १२० सेंटिमीटर लांबी बर्फावर टेकली असे मानू. क्षेत्रफळ झाले ३३६० चौरस सेंटिमीटर. स्कीने उचललेला भार सोडून दिला, तरी दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.७ न्यूटनपेक्षा कमी येतो. वजन वाढले, पण दाब जवळजवळ पंधराव्या हिश्शावर आला! शिवाय पट्ट्यावर बोटाएवढ्या उंच रबरी पात्या असतात. त्या बर्फात रुतून वाहनाला पुढे ढकलतात.

वीस कड्यांची साखळी

इंजिनाची शक्ती पट्ट्यापर्यंत कशी पोचते ते पाहा. इंजिनाच्या लहान दंतचक्रावरून साखळीने एका मधल्या दांड्याकडे, तेथून दुसऱ्या साखळीने पट्टा फिरवणाऱ्या दांड्याकडे, आणि त्या दांड्यावरच्या दात्यांनी पट्ट्याकडे. प्रत्येक दांड्याला बेअरिंगे आली. पट्ट्याला आतून आधार देणारी लहान चाके आली, त्यांचीही बेअरिंगे आली. धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर आले. ही सगळी चौकट मोटारसायकलच्या सांगाड्याला जोडणारे दांडे आणि बोल्ट आले. यांतला कोणताही महत्त्वाचा एक भाग निकामी झाला की वाहन थांबते. विजेच्या माळेत दिवे एकसर जोडणीत असतील, तर एक दिवा गेल्यावर सारी माळ विझते, तसेच हे आहे.

आता थोडी संभाव्यता. समजा असे २० भाग आहेत, आणि एका दिवसाच्या फेरीत प्रत्येक भाग न बिघडण्याची शक्यता १०० पैकी ९९ आहे. ऐकायला हे उत्तमच वाटते. परंतु सगळेच्या सगळे भाग शाबूत राहण्याची शक्यता काढायची, तर ०.९९ ही संख्या वीस वेळा घेऊन त्या सगळ्यांचा गुणाकार करावा लागतो. उत्तर येते ०.८२. म्हणजे १०० फेऱ्यांपैकी १८ फेऱ्यांत काही ना काही मोडणार! आता प्रत्येक भागाची निगा राखून ही शक्यता हजारात ९९९ केली, तर उत्तर येते ०.९८. शंभरात १८ ऐवजी २ च फेऱ्या अडतील.

या हिशेबातले आकडे आपण सोयीसाठी धरलेले आहेत, पण त्यातून निघणारी गोष्ट खरी आहे. एकच भाग फार भारी, महागडा बसवून यंत्र भरवशाचे होत नाही. सगळेच भाग थोडे थोडे सुधारावे लागतात. देखभाल म्हणजे हेच काम होय.

ब्रेकचा विचार केला तर ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. साध्या मोटारसायकलला दोन ब्रेक असतात. एक गेला तर दुसरा हाताशी असतो. येथे पुढचे चाकच नाही, तेव्हा पुढचा ब्रेकही नाही. पट्ट्याला थांबवणारा एकच ब्रेक उरतो. म्हणून त्याचे पॅड, त्याचे तेल आणि त्याची नळी निघण्यापूर्वी दर वेळी तपासावी लागते.

बर्फ हेच वंगण

पट्ट्याच्या चौकटीत ॲल्युमिनियमच्या दोन समांतर रुळांखाली प्लॅस्टिकच्या लांब सरकपट्ट्या बसवलेल्या असतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूच्या पट्टिका असतात, त्या या सरकपट्ट्यांवर घासत जातात. सरकपट्ट्या पॉलिएथिलीनच्या एका चिवट प्रकारापासून बनवतात. तो घर्षणात चांगला टिकतो, पण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो.

समजा, या सरकपट्ट्यांवर १००० न्यूटन भार आहे, कोरड्या स्थितीत घर्षणगुणांक ०.२ आहे आणि वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर आहे. घर्षणाचे बल २०० न्यूटन झाले. त्याला वेगाने गुणले की दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता मिळते : ३००० वॅट! घरातल्या तीन इस्त्र्या एकाच वेळी चालू असाव्यात तशी ही उष्णता. मऊ बर्फातून जाताना पट्टा सतत बर्फ आत उडवतो. तो बर्फ वितळून पाण्याचा पातळ थर तयार होतो, घर्षण कमी होते आणि उष्णताही वाहून जाते. परंतु टणक गोठलेल्या वाटेवर किंवा उघड्या रस्त्यावर बर्फ उडतच नाही. मग सरकपट्टी तापते, मऊ पडते आणि झपाट्याने झिजते. यावर उपाय साधा आहे. रुळांना स्प्रिंगसारख्या तारांच्या खरवडण्या लावतात. त्यांची टोके टणक बर्फ खरवडून त्याचा चुरा आत उडवतात.

या सरकपट्टीत आणखी एक गंमत आहे. तापमान ४० अंशांनी उतरले, तर १२० सेंटिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा रूळ सुमारे १.१ मिलिमीटर आखडतो. तेवढ्याच लांबीची ही प्लॅस्टिकची पट्टी सहा-सात मिलिमीटर किंवा अधिकही आखडते. दोन्ही टोकांना बोल्टने आवळली असती तर ती ताणली जाऊन तडकली असती. म्हणून ती रुळाच्या खोबणीत सरकवून फक्त पुढच्या टोकाशी बोल्टने बांधतात, मागचे टोक मोकळे ठेवतात. आगगाडीच्या जुन्या रुळांमध्ये फट ठेवत, तिच्यामागेही हेच तत्त्व होते.

पट्ट्याचा ताण योग्य ठेवणे हे देखभालीतले मोठे काम. पट्टा सैल असेल तर जोर लावताच दाते निसटतात आणि खडखडाट होतो. फार घट्ट असेल तर बेअरिंगांवर भार येतो आणि शक्ती वाया जाते. ताण मोजण्यासाठी वाहनाचा मागचा भाग उचलून पट्ट्याच्या मध्याशी ठराविक वजन टांगतात आणि पट्टा किती खाली झुकला ते पट्टीने मोजतात. किती झुकावा हे जोडसंचाच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यानंतर पट्टा सावकाश फिरवून तो एका बाजूला तर जात नाही ना, हेही पाहतात. एका बाजूची सरकपट्टी जास्त झिजलेली दिसली तर पट्टा तिरका चालतो आहे असे समजावे.

इंजिनाची दुहेरी अडचण

मातीच्या वाटेवर स्वार क्षणभर जोर देतो, मग वेग कमी करतो. खोल बर्फात असे चालत नाही. जोर सोडला की वाहन थांबते, म्हणून इंजिन बराच वेळ जवळजवळ पूर्ण शक्तीने चालवावे लागते. तेव्हा त्याने तापायला हवे. परंतु उणे २० अंशांची हवा आणि रेडिएटरवर उडणारा बर्फ यांमुळे उतारावर तेच इंजिन गारठून जाते.

गारठलेल्या इंजिनात पेट्रोलची पूर्ण वाफ होत नाही. त्याचे थेंब सिलिंडरच्या भिंतीवरून खालच्या तेलात उतरतात आणि तेल पातळ होते. ज्वलनात तयार झालेले पाणीही तेलात मिसळते. तेल दुधाळ दिसू लागले तर पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. म्हणून थंड पाण्याची वाट अडवणारा थर्मोस्टॅट बसवतात, रेडिएटरचा काही भाग झाकतात आणि तेल उन्हाळ्यापेक्षा लवकर बदलतात. येथे किलोमीटर मोजून उपयोग नसतो, इंजिन किती तास चालले ते मोजतात.

रेडिएटरमध्ये निव्वळ पाणी ठेवणे तर संकटच. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि धातूही फुटू शकतो. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे निम्मे घेतले, तर गोठणबिंदू सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत उतरतो.

थंड हवा घनही असते. अधिक २० अंशांवरून उणे २० अंशांवर गेलो, तर केल्विनमध्ये तापमान २९३ वरून २५३ होते आणि तेवढ्याच दाबाला हवेची घनता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जास्त तापतो. त्यासाठी मोठ्या छिद्राची जेट बसवावी लागते. इंजेक्शनच्या नव्या इंजिनांत तापमान मोजून ही दुरुस्ती आपोआप होते.

फेरी संपल्यावरची दहा मिनिटे

फेरी संपली की स्वार दमलेला असतो, पण यंत्राची खरी काळजी घेण्याची वेळ हीच. गरम भागांवरचा बर्फ वितळतो, ते पाणी सांध्यांत आणि बेअरिंगांत शिरते आणि रात्री गोठते. पट्टा जमिनीला चिकटून बसतो. सकाळी तसाच जोर लावला तर साखळी किंवा दाते तुटण्याची भीती. म्हणून वाहनाचा मागचा भाग उचलून पट्टा थोडा फिरवतात, अडकलेला बर्फ झटकतात आणि पट्टा लाकडी फळ्यांवर टेकवतात. बेअरिंगांत ताजे ग्रीस भरले की आतले पाणी बाहेर ढकलले जाते. साखळी पुसून तेल देतात. शेवटी प्रत्येक बोल्टवर पाना फिरवतात, कारण सततच्या कंपनांनी बोल्ट सैल होतात. नवा जोडसंच बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर तर हे करावेच लागते, कारण जोडलेले भाग एकमेकांवर नीट बसून किंचित दबलेले असतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

रस्त्यावर गाडी बंद पडली तर आपण ती ढकलत गॅरेजपर्यंत नेतो. हिमाच्छादित डोंगरात तसे करता येत नाही. तासाभरात हे वाहन जेवढे आत नेते, तेवढे कमरेएवढ्या बर्फातून पायी परतायला दिवसही पुरत नाही, आणि सूर्य मावळला की थंडी जिवावर उठते. म्हणून जाणकार स्वार एकटे जात नाहीत. दोन वाहने बरोबर असणे ही जणू समांतर जोडणीच. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर माणसे परत येतात. हत्यारे, साखळीची जादा कडी, खाण्याचे पदार्थ आणि हिमस्खलनात गाडलेल्याला शोधण्याची साधने ते बरोबर ठेवतात.

बर्फावरच्या पट्ट्याचा इतिहासही अशाच एका दुःखातून गेलेला आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात वालकूर गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तरुण यंत्रज्ञ बर्फावर चालणारी वाहने बनवण्याचे प्रयोग करीत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. वाटा बर्फाने बंद होत्या. प्रयोगातले वाहन चालण्याजोगे नव्हते. मुलाला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बोंबार्दिएने काम सोडले नाही. रबराने मढवलेले दंतचक्र आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले. पुढे १९५९ साली त्याने ‘स्की-डू’ हे हलके हिमवाहन बाजारात आणले. यंत्र असणे आणि ते हव्या त्या क्षणी चालणे यांत किती अंतर आहे, हे त्याच्याइतके कोणाला कळले असेल?

विद्यार्थी मित्रांनो, बर्फ नसला तरी हा धडा तुम्हाला गिरवता येईल. तुमची सायकल घ्या. पायडलपासून मागच्या चाकापर्यंत एकसर जोडणीतले भाग कोणते, त्यांची यादी करा. कोणत्या भागांना समांतर जोडीदार आहे, तेही पाहा. साखळी मध्यावर किती झुकते ते मोजपट्टीने मोजून वहीत लिहा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. शिक्षकांनी वर्गात ०.९९ आणि ०.९९९ चा गुणाकार करून घ्यावा. मग रविवारी सकाळी सायकल पुसताना आणि तेल देताना आपण कोणते गणित सोडवीत आहोत, हे वेगळे सांगावे लागणार नाही.